मूळ प्रत कुठे आहे?

ब्राउझरमध्ये जीमेल उघडून बसणाऱ्याला फोल्डर आणि कॅलेंडर यांची जुळणी स्वतः करावी लागत नाही. ती गूगलने आधीच करून ठेवलेली असते. प्रश्न सुरू होतात ते थंडरबर्डसारखा मेलचा स्वतंत्र प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसवला की. घरचे जीमेल, ऑफिसच्या डोमेनचे खाते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपदामुळे गळ्यात पडलेले तिसरे खाते एकाच खिडकीत येते, नेट गेले तरी जुनी मेल वाचता येते, शोध झटपट लागतो. म्हणून माणूस तो बसवतो. आणि मग तक्रारींची रांग लागते. वेबवर दिसणारा फोल्डर इथे दिसत नाही. पाठवलेल्या मेल दोन वेगवेगळ्या फोल्डरांत जाऊन पडतात. सहकाऱ्याने सकाळी टाकलेली तारीख दुपारपर्यंत आपल्या कॅलेंडरवर उमटत नाही. प्रत्येक तक्रारीवर वेगळा उपाय शोधत बसण्याआधी एक प्रश्न विचारला तर बहुतेक गुंता सुटतो: जे आपल्याला पडद्यावर दिसते आहे त्याची मूळ प्रत कुठे आहे, आणि तिच्यावर लिहिण्याचा हक्क कुणाला आहे?

थंडरबर्डचेच उदाहरण घेऊ, कारण तो फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि त्याची सेटिंग्ज लपवलेली नाहीत. मोझिलाने त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आणली. कॅलेंडर त्यात बरीच वर्षे ‘लाइटनिंग’ नावाच्या पुरवणीतून मिळत असे. २०२० च्या ७८व्या आवृत्तीपासून ते मूळ प्रोग्रामचाच भाग झाले.

खाते जोडताना नाव, पत्ता आणि पासवर्ड एवढेच विचारले जाते. बाकीचे तपशील थंडरबर्ड आपल्याजवळच्या यादीतून किंवा डोमेनच्या सर्व्हरला विचारून भरतो. जीमेलसाठी तर पासवर्डही तो स्वतः घेत नाही. गूगलची लॉगिनची खिडकी उघडते, परवानगी आपण तिथे देतो आणि थंडरबर्डला फक्त एक टोकन मिळते. साधा पासवर्ड देऊन मेल ओढण्याची जुनी सोय गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ अखेर बंद केली. ‘पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही’ अशी रड जुन्या खात्यांवर ऐकू येते ती बहुधा यामुळेच. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ बदलून ‘ओऑथ२’, म्हणजे हीच टोकनची पद्धत, केली की काम होते.

याच टप्प्यावर आयमॅप की पॉप हा पर्याय समोर येतो, आणि लोक तो न वाचता पुढे जातात. पॉप ही १९८४ पासूनची पद्धत. सर्व्हरवरची मेल उतरवून घ्यायची आणि आपल्याकडे ठेवायची, हा तिचा मूळ हेतू. तिला इनबॉक्सखेरीज दुसरा फोल्डर ठाऊकच नाही. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला रचले. त्यात मेल सर्व्हरवरच राहते आणि आपल्याला दिसते ती तिची प्रत. सातबाऱ्याची झेरॉक्स आपल्या कपाटात आणि मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात, तसा हा मामला. फरक एवढाच की इथे झेरॉक्सवर रेघ ओढली की तलाठ्याच्या दप्तरातही रेघ उमटते. लॅपटॉपवर जागा करायची म्हणून कुणी पाच वर्षांच्या मेल उडवतो आणि संध्याकाळी फोनवरूनही त्या गेलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच. जागाच वाचवायची असेल तर ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये जाऊन ‘अलीकडच्या इतक्या दिवसांच्याच मेल इथे ठेव’ असे सांगायचे. त्याने प्रत कमी होते, मुळाला धक्का लागत नाही. आणि मेल खरोखरच सर्व्हरवरून काढून स्वतःकडे ठेवायची असेल, तर ती डाव्या रकान्यात तळाशी असलेल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलवायची. तिथे गेलेली मेल फक्त त्या कॉम्प्युटरवर उरते. मग तिच्या बॅकअपची जबाबदारीही आपलीच.

आता न दिसणाऱ्या फोल्डरांकडे. आयमॅपमध्ये फोल्डर असणे आणि त्याचे सभासद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणते फोल्डर पाहायचे याची यादी सर्व्हरवर वेगळी ठेवलेली असते आणि थंडरबर्ड सहसा तेवढेच दाखवतो. खात्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘सबस्क्राइब’ उघडले की सर्व्हरवरचे सगळे झाड दिसते. हव्या त्या नावापुढे टिक करायची. नको त्याची टिक काढली तर फोल्डर पुसला जात नाही, नजरेआड होतो इतकेच.

दुसरी गोष्ट याहून जास्त लोकांना नडते. ‘बँक’, ‘ग्राहक’, ‘नोटिसा’ असे फोल्डर करून येणारी मेल परस्पर तिथे वळवण्याचा नियम सर्व्हरवर लावलेला असतो. पण थंडरबर्ड नवीन मेल आली का हे मुळात इनबॉक्समध्येच बघतो. ‘नोटिसा’मध्ये येऊन पडलेली मेल तो फोल्डर उघडेपर्यंत कळतच नाही. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नवीन संदेश पाहताना हा फोल्डरही तपास’ अशा अर्थाची एक चौकट आहे, तिच्यावर टिक हवी. ही टिक मुळातच असायला हवी होती असे माझे मत आहे. कितीतरी महत्त्वाच्या मेल तिच्याअभावी शिळ्या होतात. नियम थंडरबर्डमध्येच लावले तर ही अडचण येत नाही, पण ते नियम थंडरबर्ड चालू असेल तेव्हाच चालतात. लॅपटॉप बंद करून माणूस कोकणात गेला की फोनवर सगळा पसारा इनबॉक्समध्येच साचतो.

पाठवलेल्या मेलचे दोन फोल्डर का होतात? तर आउटलुक ‘सेंट आयटम्स’ म्हणतो, अ‍ॅपलचा मेल ‘सेंट मेसेजेस’ म्हणतो, थंडरबर्ड नुसते ‘सेंट’ म्हणतो, आणि प्रत्येक जण सर्व्हरवर आपल्या नावाचा फोल्डर उघडून बसतो. कोणता फोल्डर कशासाठी आहे हे सर्व्हरनेच खूण करून सांगावे असे मानक २०११ मध्ये आले, त्यामुळे नव्या सर्व्हरवर हा गोंधळ कमी झाला आहे. स्वस्तातल्या होस्टिंगवरच्या जुन्या खात्यांत तो अजून भेटतो. अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर सेंट, ड्राफ्ट्स आणि आर्काइव्ह यांसाठी नेमका फोल्डर निवडता येतो. सगळ्या यंत्रांवर एकच नाव ठरवायचे, जुन्यातल्या मेल त्यात हलवायच्या आणि रिकामा झालेला फोल्डर काढून टाकायचा.

जीमेलची गोष्ट वेगळी, कारण तिथे फोल्डरच नाहीत. आहेत ती लेबले. एकाच मेलला ‘बिले’ आणि ‘सोसायटी’ अशी दोन लेबले असतील तर थंडरबर्डला ती दोन फोल्डरांत दोन मेल म्हणून दिसते, आणि ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. शोधात एकच पावती तीनदा येते ती यामुळे. ‘बिले’मधून ती दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढली की जीमेलच्या हिशेबी एक लेबल निघाले, दुसरे लागले. पण ‘बिले’मधली मेल डिलीट करून कचऱ्यात टाकली की ती सगळीकडूनच जाते, आणि ३० दिवसांनी कायमची. ‘इथली काढली, तिकडची राहील’ हा हिशेब इथे चुकतो. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक लेबलापुढे ‘आयमॅपमध्ये दाखवा’ अशी चौकट आहे. ‘ऑल मेल’ची टिक काढली तर थंडरबर्डमधली गर्दी लगेच ओसरते.

मराठी नावांच्या फोल्डरांबद्दलही थोडे. ‘बिल’ असे नाव देवनागरीत दिले तर ते नीट चालते, पण आयमॅपच्या जुन्या मानकाला इंग्रजी अक्षरांपलीकडचे काही थेट पाठवता येत नसे. म्हणून नाव एका विशिष्ट पद्धतीने रोमन अक्षरांत गुंडाळून जाते: आरंभी &, शेवटी आडवी रेघ आणि मध्ये अगम्य अक्षरे. ब, पहिली वेलांटी आणि ल ही तीन चिन्हे असलेले ‘बिल’ अशा रीतीने दहा चिन्हांचे होते. २०२१ च्या नव्या मानकात ही कसरत संपली, पण सर्व्हर सावकाश बदलतात. मेलबॉक्सचा बॅकअप घेताना असली विचित्र नावे दिसली तर ती व्हायरसची करणी समजून पुसू नयेत.

फोल्डर किती असावेत? मला विचाराल तर फार थोडे. थंडरबर्डमध्ये मेल निवडून ‘ए’ ही कळ दाबली की ती वर्षानुसार आर्काइव्हमध्ये जाते. शोध चांगला असताना चाळीस फोल्डरांचे झाड जोपासणे हा निव्वळ छंद आहे. छंद म्हणून ठीक.

एकाचे खाते अनेकांनी वापरायचे असेल तेव्हा मात्र फोल्डर हा खासगी मामला राहत नाही. ठाणे, नाशिक, सांगली कुठल्याही गावातले एखाद्या सीएचे चार-पाच माणसांचे ऑफिस डोळ्यांपुढे आणा. चौकशीच्या मेल एका सामाईक पत्त्यावर येतात आणि त्या सगळ्यांना दिसायला हव्यात. सर्व्हरची सोय असेल तर असा फोल्डर दुसऱ्याच्या खात्याशी जोडून देता येतो, आणि कुणी फक्त वाचावे, कुणी हलवावे, कुणी पुसावे हे अधिकार वेगवेगळे देता येतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘शेअरिंग’ या पानावर आपल्याला काय काय करता येते ते दिसते. पण एका प्रश्नाचे उत्तर ऑफिसने आपसातच ठरवावे लागते: मेल हाताळली गेली हे कशावरून ओळखायचे? पासवर्ड वाटून घेऊन सगळे एकाच खात्यात शिरत असतील तर एकाने उघडली की ती सगळ्यांकडे वाचलेली दिसते, आणि मग कुणीच उत्तर देत नाही. ‘वाचली’ या खुणेवर विसंबण्यापेक्षा टॅग लावणे बरे. इथेही एक मेख आहे. थंडरबर्डचे मूळचे टॅग सर्व्हरवर जातात ते फक्त ‘लेबल १’, ‘लेबल २’ अशा खुणांच्या रूपाने. नाव आणि रंग ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर. साहेबांच्या यंत्रावर पहिल्या टॅगचे नाव ‘उत्तर दिले’ असे बदलले असेल आणि नव्या मुलीच्या यंत्रावर ते मूळचे ‘इम्पॉर्टंट’च असेल, तर तिला निकाली निघालेली प्रत्येक मेल लाल रंगात, तातडीची म्हणून दिसेल. सगळ्यांच्या यंत्रांवर टॅगची नावे एकदाच बसून सारखी करून घ्यावीत.

याच ऑफिसला सामाईक कॅलेंडर हवे असते, आणि कॅलेंडर जोडण्याचे तीन मार्ग दिसायला इतके सारखे आहेत की फरक लक्षात येतो तो तारीख चुकल्यावर.

पहिला मार्ग म्हणजे कुणीतरी पाठवलेली आयसीएस फाइल ‘इम्पोर्ट’ करणे. फाइलीतल्या नोंदी आपल्या कॅलेंडरमध्ये उतरतात आणि मुळाशी नाते तिथेच तुटते. पाठवणाऱ्याने नंतर तारीख बदलली तर आपल्याला कळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे त्या फाइलीचा वेबपत्ता देऊन कॅलेंडर जोडणे. मूळ दुसऱ्याकडे, आपण ठरावीक वेळाने जाऊन पाहायचे, लिहायचे काही नाही. सुट्ट्यांच्या याद्यांना हेच योग्य. तिसरा कॅलडॅव, २००७ चे मानक. यात प्रत्येक नोंद सर्व्हरवर स्वतंत्र वस्तू म्हणून राहते आणि ज्याला परवानगी आहे तो तिथे लिहू शकतो. दोघांनी एकच नोंद एकाच वेळी बदलली तर दुसऱ्याला थंडरबर्ड अडवून विचारतो की सर्व्हरवर ही बदललेली आहे, वर लिहू का? अशा वेळी घाईने ‘हो’ म्हणू नये.

थंडरबर्डमध्ये ‘न्यू कॅलेंडर’, मग ‘ऑन द नेटवर्क’ निवडायचे. गूगलचे असेल तर जीमेल पत्ता पुरतो. लॉगिन झाले की उपलब्ध कॅलेंडरांची यादी येते, हव्या त्यांवर टिक करायची. नेक्स्टक्लाउडसारख्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता मात्र द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजला कॅलडॅवची भाषा येत नाही, त्यामुळे ऑफिस एक्स्चेंज वापरत असेल तर ही वाट बंद. जोडल्यानंतर कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये ताजे करण्याचा अवधी पाहावा. तो अर्ध्या तासाचा ठेवलेला असतो. ऑफिसला पाच मिनिटे बरी. तिथेच निमंत्रणे कोणत्या ईमेल पत्त्याने जावीत तेही निवडायचे असते. ते राहिले की अशिलाला बैठकीचे निमंत्रण सोसायटीच्या पत्त्यावरून जाते.

परवानग्या थंडरबर्डमधून देता येत नाहीत, त्यासाठी वेबवर जावे लागते. गूगलमध्ये कुणाला फक्त ‘वेळ मोकळा आहे की नाही’ एवढेच दाखवता येते, कुणाला नोंदींचा सगळा तपशील, कुणाला नोंदी बदलण्याचा अधिकार, आणि सर्वांत वर, इतरांना वाटण्याचाही अधिकार. हा शेवटचा दोघांपलीकडे देऊ नये. आणि ऑफिसचे कॅलेंडर कुणा एका कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यात उघडू नये. तो नोकरी सोडून गेला की मूळ प्रत त्याच्याबरोबर जाते.

आता त्या कॅलेंडरमध्ये भरायचे काय? सीएच्या ऑफिसात मुदती. दरमहा ७ तारखेला टीडीएस भरणे, ११ ला जीएसटीआर-१, २० ला दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी. या पुनरावृत्त नोंदी. एकदा लिहिल्या की वर्षानुवर्षे येत राहतात. पण खासगी ऑफिसांना मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो. म्हणून ७ एप्रिलची तेवढी एक नोंद उचलून ३० वर न्यायची. ती ओढली की थंडरबर्ड विचारतो, फक्त हीच बदलू की सगळी मालिका? इथे चुकून ‘सगळी’ म्हटले की बाराही महिने ३० तारखेवर जातात. फेब्रुवारी तर गायबच होतो, कारण त्यात ३० तारीख नाही. सरकारने एखाद्या महिन्याची मुदत वाढवली तेव्हाही हीच काळजी. बँकांच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुट्टीसाठी तारखेऐवजी ‘महिन्याचा दुसरा शनिवार’ असा नियम देता येतो. दोन नोंदी केल्या की काम झाले.

पूर्ण दिवसांच्या नोंदींमध्ये एक खोच आहे. आयसीएस फाइलींच्या ‘आयकॅलेंडर’ या मानकात शेवटची तारीख धरली जात नाही. २०२५ चा गणेशोत्सव २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. फाइलीत तो लिहायचा तर शेवट ७ सप्टेंबर द्यावा लागतो. थंडरबर्डच्या चौकटीत भरताना हे तो स्वतः सांभाळतो. पण एक्सेलच्या यादीतून कुणी आयसीएस फाइल बनवली असेल, तर अनंत चतुर्दशीचा दिवस बहुधा कापला गेलेला असतो.

परदेशी अशील किंवा परदेशातले नातेवाईक असतील तर टाइमझोन पाहावाच लागतो. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी ११ ला ठेवलेला दर आठवड्याचा कॉल पुण्यात रात्री साडेआठला येतो. नोंद न्यू यॉर्कच्या वेळेने केली असेल तर नोव्हेंबरात तो पुण्यात साडेनऊला जातो. कोलकात्याच्या, म्हणजे भारताच्या, वेळेने केली असेल तर पुण्यात साडेआठच राहतो आणि तिकडे सकाळी १० वर येतो. गैरसोय कुणी सोसायची हे मालिका तयार करतानाच ठरते. म्हणून नोंदीच्या खिडकीत ऑप्शन्समधून टाइमझोन दिसता करून तो मुद्दाम निवडावा.

एका गोष्टीपुढे मात्र ही सगळी यंत्रणा हात टेकते. दर महिन्याची संकष्टी पुनरावृत्त नोंद म्हणून भरता येत नाही, कारण पुनरावृत्तीचे नियम इंग्रजी महिन्यांवर आणि वारांवर चालतात, तिथीवर नाही. इतर कालगणनांसाठी २०१५ मध्ये मानकाला पुरवणी जोडली गेली, पण आपल्या पंचांगाची तिथी चंद्र-सूर्यातल्या अंतरावर ठरते. तिचा क्षय होतो, वृद्धी होते, आणि २०२६ सारख्या वर्षी मध्येच अधिक ज्येष्ठ येतो. तेव्हा सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला पंचांगातून एकेक उतरवून त्यांचे वेगळे कॅलेंडर करावे, किंवा कुणी तयार केलेली यादी वाचण्यापुरती जोडावी. ती मुदतींच्या कॅलेंडरमध्ये मिसळू नये आणि तिच्या आठवणीच्या घंटा बंद ठेवाव्यात, म्हणजे ज्याला उपास नाही त्याचा कॉम्प्युटर पहाटे वाजणार नाही. चंद्रोदयाची वेळ गावागणिक बदलते. नागपूरचा चंद्र मुंबईच्या आधी पंचवीसेक मिनिटे उगवतो. म्हणून मुंबईकराने केलेली यादी विदर्भात वापरताना तीतली तारीख तेवढी घ्यावी, चंद्रोदय तिथल्या पंचांगात पाहावा.